डायरीतले गोल आकडे

वर्धा, ४ मे

चि. छकुली,

काल रात्री तुझ्या आईचा फोन आला. तुझी तीन महिन्यांची शुगर, एचबीए१सी, ११ निघाली म्हणे. आणि डायरीत मात्र रोज ११०, १२०, परत ११०. एकाच पेनने, एका बैठकीत लिहिलेले. अगं, खरी शुगर कधी ११७ असते, कधी २८३. अशी गोल गोल नसते. खोटं लिहायचं तर निदान धड तरी लिहायचं!

इंजेक्शन चुकलं म्हणून मी रागावलो नाही. होस्टेलात पोरींसमोर सुई काढायला लाज वाटते, कळतं मला. राग त्या डायरीचा आहे. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी रात्रीचं इन्सुलिन वाढवलं आणि तू एक दिवस शहाण्यासारखं सगळं घेतलंस, तर पहाटे तीनला शुगर कोसळेल. शेजारच्या खाटेवरच्या पोरीला वाटेल, झोपली आहे. काल मला डोळा लागला नाही तो यामुळेच.

मागच्या खेपेला डॉक्टरांनी चारचौघांत झापलं, तेव्हापासून डायरी ‘सुधारली’, असं आई म्हणते. ते त्यांचं चुकलंच. डॉ. शरद पेंडसेंचा ड्रीम ट्रस्ट १९९५पासून नागपुरात गरिबांच्या पोरांना फुकट इन्सुलिन देतोय. घरी फ्रीज नसलेली पोरं भर उन्हाळ्यात मडक्यात कुप्या जपतात. हे सांगून मीही तुला लाजवणार होतो. पण तुझी अडचण वेगळी. तुझ्याकडे फ्रीज आहे, खरं सांगायला माणूस नाही. पटत नसेल तर डॉक्टर बदलू, पण नव्यालाही ११० सांगू नकोस.

मी तरी कुठला हरिश्चंद्र! चाळिशीत शुगर निघाली, तर तपासणीआधी तीन दिवस भात बंद. रिपोर्ट झकास, डॉक्टर खूश, आणि येताना नागपूरच्या सीताबर्डीवर संत्रा बर्फी. सहा वर्षं असं चाललं. डावा डोळा लेसर करून वाचला तेवढाच. “आधी का नाही बोललात?” एवढंच डॉक्टरांनी विचारलं. मी चपला शोधत बसलो.

तू नऊ वर्षांची असताना आई तुला सुई टोचायची, तेव्हा मी खिडकीबाहेर बघायचो. तू मात्र टक लावून सुईकडेच. रविवारी सकाळच्या एसटीने येतोय. आधी शुगर बघू, मग तर्री पोहे. डायरीची पानं कोरी असली तरी चालतील.

तुझा,
मामा