शोकसमयीचा व्यवहार : मकपेलाची गुहा

शास्त्रपाठ : उत्पत्ती २३:१-२०
ताडून पाहावे : यिर्मया ३२:६-१२, २ शमुवेल २४:२४, नीतिसूत्रे ११:१

सारा १२७ वर्षांची होऊन हेब्रोन येथे मरण पावली. अब्राहामाने तिच्यासाठी शोक केला आणि मग तो आपल्या मृताजवळून उठून हेथाच्या लोकांकडे गेला. कनान देशाचे वचन त्याला मिळाले होते खरे. परंतु पत्नीला मूठमाती देण्यापुरतीही भूमी त्या देशात त्याच्या मालकीची नव्हती. ज्याला घरात प्रेत असता सौदा करावा लागतो, त्याच्यासारखा दुबळा गिऱ्हाईक दुसरा नाही. त्याला थांबता येत नाही, चार ठिकाणी चौकशी करण्यास सवड नसते, आणि पैशांविषयी बोललो तर लोक काय म्हणतील ही लाज असते. अशा वेळी विश्वासणाऱ्याने कसे वागावे, हा आजच्या पाठाचा विषय होय.

१. मागणी व उत्तर (व. ३-१५). अब्राहामाने काय मागितले ते नीट पाहा. शेताच्या टोकाला असलेली गुहा, पुऱ्या किमतीस, आणि सर्वांच्या समक्ष (व. ९). एफ्रोनाने गुहेबरोबर शेतही देऊ केले (व. ११). हे बोलणे औदार्याचे दिसते; पण त्यामुळे न मागितलेले शेतही सौद्यात आले. पुढे त्याने ४०० शेकेल रुप्याचा आकडा उच्चारला, तोही अशा रीतीने की तुमच्याआमच्यात एवढ्याची ती काय कथा! यिर्मयाने अनाथोथचे शेत १७ शेकेलांस घेतले, आणि दाविदाने खळे व बैल ५० शेकेलांस. काळ व जमिनी निराळ्या असल्या तरी ४०० हा आकडा पुष्कळ भाष्यकारांस भारी वाटला आहे.

अशी भाषा आपल्याही कानांवर येते. “आता पैशांचे कशाला काढता? मागाहून काय ते समजून द्या.” असे म्हणणारा प्रत्येक जण लबाड असतो असे नव्हे, कित्येक जण खरोखर दयेने बोलतात. तथापि न ठरविलेली रक्कम दफनानंतर आठ दिवसांनी दारात उभी राहते, तेव्हा तिच्याविषयी वाद घालण्याचे त्राण कोणात उरत नाही. मग सावकाराचे घर गाठावे लागते, आणि मृताची आठवण व कर्जाची आठवण एकत्र बांधली जाते.

२. अब्राहामाची रीत (व. १६-२०). त्याने घासाघीस केली नाही, पण काहीही मोघम ठेविले नाही. किंमत सर्वांच्या कानी पडली. व्यापाऱ्यांत चालणाऱ्या वजनाने रुपे तोलून दिले. शेत, गुहा आणि हद्दीतील झाडे असे सर्व जिन्नस वेगवेगळे नमूद झाले, आणि गावच्या वेशीत साक्षीदारांदेखत व्यवहार पक्का झाला. याचे फळ पुढील पिढ्यांस मिळाले. स्वतः अब्राहाम, इसहाक, रिबका, लेआ व याकोब हे त्याच गुहेत विसावले. आणि याकोबाने मरतेवेळी ती जागा एफ्रोनाकडून विकत घेतल्याचे आपल्या मुलांस स्पष्ट सांगितले (४९:२९-३२).

३. आजचा कायदा. जी रीत अब्राहामाने पाळिली, तीच काही देशांनी विक्रेत्यांवर बंधनकारक केली आहे. अमेरिकेत १९८४ पासून अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्यांनी प्रत्येक जिनसाची वेगळी किंमत लेखी दाखवावी, आणि विचारल्यास दूरध्वनीवरही सांगावी, असा नियम आहे. गिऱ्हाइकाने शवपेटी दुसरीकडून आणिली तर ती नाकारिता येत नाही. ब्रिटनमध्ये २०२१ पासून ठराविक नमुन्याचे दरपत्रक लावणे भाग आहे. आपल्या देशात अंत्यविधीसाठी असा स्वतंत्र नियम नसला, तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने विकत घेतलेल्या वस्तूची व सेवेची प्रत आणि किंमत जाणण्याचा हक्क दिला आहे. तक्रारीविषयी १९१५ या क्रमांकावर सल्ला मिळतो. दफन, शवागार व प्रेत वाहून नेणे या सेवांवर वस्तू व सेवा कर लागत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

४. मंडळीचे कर्तव्य. कायदा माहीत असूनही शोकाकुल विधवेने पेटीवाल्याशी बोलावे ही अपेक्षा कठोर आहे. म्हणून प्रत्येक मंडळीने घरच्यांच्या वतीने बोलण्यास दोन जाणती माणसे आधीच नेमावी. त्यांनी पेटी, कबर खणण्याची मजुरी, गाडी, बर्फ, फुले व दगड यांचे दर वेगवेगळे विचारून कागदावर घ्यावे आणि काय हवे, काय नको ते घरच्यांस शांतपणे ठरवू द्यावे. पैसे दिल्यावर पावती घ्यावी. दफनभूमी मंडळीची असेल, तर तिचे स्वतःचे दर मंदिराच्या दारावर लावावे. आपलाच हिशेब झाकून दुसऱ्याकडे उघड हिशेब मागणे शोभत नाही. कबर खणणाऱ्याची वाजवी मजुरी मात्र कापू नये.

साधी पेटी म्हणजे मृताचा अपमान, हा समज तर आपण उपटूनच टाकावा. निकदेमाने बहुमोल सुगंधी द्रव्ये आणिली ती प्रीतीने, आणि त्याला ते झेपण्यासारखे होते. परंतु आपल्या प्रभूला स्वतःची कबरही नव्हती. अरिमथाईच्या योसेफाने आपली दिली. पुनरुत्थानाच्या दिवशी पेटीचे लाकूड कोणी विचारणार नाही. पण मागे राहिलेल्या लेकरांचे अन्न कोणत्या खर्चात गेले, हे आजच विचारण्याजोगे आहे.

विचारार्थ प्रश्न
१. अब्राहामाने साक्षीदारांदेखत किंमत चुकती करण्याचा आग्रह का धरिला?
२. आपल्या गावात दफनाच्या खर्चापैकी कोणता भाग आधी ठरतो व कोणता मोघम राहतो?
३. नीतिसूत्रे ११:१ मधील तराजूचा बोध मंडळीच्या दफनभूमीस कसा लागू पडतो?