भंगारातील लोहचुंबक आणि सुईचा हिशोब

२०१९ च्या रमजानपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या कारखान्यातून लहान मुलींचे २४० फ्रॉक एका घाऊक व्यापाऱ्याकडे गेले होते. गळ्यापाशी हाताने टाकलेली फुले आणि आतून मऊ अस्तर, असा तो माल होता. चौथ्या दिवशी त्यांचा माणूस सर्व गठ्ठे परत घेऊन आला. वरच्या गठ्ठ्यावर एक चिठ्ठी होती आणि त्या चिठ्ठीला एक सुई टोचलेली होती. ती एका फ्रॉकच्या अस्तरात सापडली होती. फ्रॉक मुलीच्या अंगावर चढण्यापूर्वीच सापडली, ही मेहरबानीच म्हणायची.

आम्ही सर्वांनी मिळून दोन रात्री जागून २४० फ्रॉक हाताने चाचपले. दुसरी सुई निघाली नाही; पण तोपर्यंत ईदचा बाजार हातातून गेला होता. माल पुढे मिळेल त्या भावाने द्यावा लागला आणि तो व्यापारी पुढच्या हंगामात आमच्याकडे फिरकला नाही. त्याच्याबद्दल आमची तक्रार नाही. त्याच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही तेच केले असते.

नंतर आम्ही कारागिरांना एकच प्रश्न विचारला: काम थांबवून उठताना हातातली सुई कोठे ठेवता? एकाने सदऱ्याची कॉलर दाखविली, दुसऱ्याने धाग्याचे रीळ. तिसरा ती भिंतीवरच्या कॅलेंडरला टोचत असे आणि चौथा, खरे सांगायचे तर, हातातल्या कपड्यालाच. त्या दिवशी कारखान्यात किती सुया बाहेर होत्या हे आम्हांलाही सांगता आले नाही. कात्र्या आम्ही मोजतो, बॉबिन मोजतो. सुई मात्र स्वस्त म्हणून कोणी मोजत नाही. आपल्या बहुतेक कारखान्यांत हीच स्थिती असावी असे आम्हांला वाटते.

यावर उपाय म्हणून आम्ही सुया ठेवण्यासाठी लोहचुंबकाच्या बशा व डब्या तयार केल्या. बाजारात त्या तयार मिळतात. पण दहा-बारा माणसांच्या कारखान्याला प्रत्येकाजवळ एक द्यायची तर खर्च होतो, आणि लागणारे सर्व सामान भंगारात पडलेले असते. म्हणून त्याची कृती येथे देत आहोत.

सर्वांत सोपे चुंबक म्हणजे जुन्या स्पीकरचे. बिघडलेला रेडिओ, टेप किंवा टी.व्ही. यांतून तीन-चार इंची स्पीकर सहज निघतो. त्याच्या पाठीमागे बांगडीसारखे जे काळे जाड कडे असते ते फेराइटचे चुंबक होय. फेराइट म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडमध्ये बेरियम किंवा स्ट्रॉन्शियम मिसळून भट्टीत भाजलेला पदार्थ. तो कपबशीप्रमाणे भाजलेला असतो आणि तिच्यासारखाच फुटतो. त्यामुळे छिन्नी-हातोडी घेऊन तुटून पडू नये. आमची पहिली दोन चुंबके अशीच तुकडे होऊन गेली. प्रथम कागदी पडदा कापून काढावा, पत्र्याचा सांगाडा पकडीने वेगळा करावा आणि उरलेला भाग दहा-पंधरा मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवावा. आतला गोंद मऊ पडतो. मग चिमट्याने बाहेर काढून, फडक्यात धरून, पातळ पाते सांध्यात घालावे आणि हळूहळू फिरवावे. उकळत्या पाण्याने फेराइटचे काही बिघडत नाही. एका बाजूला लोखंडाची सपाट चकती चिकटून राहिली तर ती काढू नये. ती बाजू खाली ठेवली की वरच्या बाजूला जोर थोडा अधिकच मिळतो.

आता कप फुटून एकटी उरलेली बशी घ्यावी. अशा बशा कोणत्याही घरात असतात. तिच्या तळाचा चकचकीत भाग काचकागदाने घासून खरबरीत करावा, धुऊन वाळवावा आणि दोन नळ्यांचा अ‍ॅराल्डाइट लावून चुंबक मध्यभागी बसवावे. वर वजन ठेवून रात्रभर हात लावू नये. चुंबक जाड असल्यामुळे बशीच्या खालच्या कड्यापेक्षा ते खाली उतरते आणि बशी डुगडुगते. त्यासाठी लोणच्याच्या बरणीचे प्लॅस्टिकचे झाकण उलटे करून चुंबकाखाली चिकटवावे. बैठक पक्की होते आणि फरशीला ओरखडेही पडत नाहीत.

बशी निवडताना तळ पातळ आहे की नाही ते पाहावे. लोहचुंबकाचा जोर अंतराबरोबर फार झपाट्याने कमी होतो. जाड चिनी मातीच्या बशीवर सुई नुसती पडून राहते आणि पातळ बशीवर चिकटून उभी राहते. स्टीलची वाटी वापरायची असेल तर आधी चुंबक लावून पाहावे. घरातील पुष्कळशा स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांना चुंबक मुळीच चिकटत नाही. अशा वाटीतून चुंबकाचा जोर आरपार जातो, त्यामुळे ती चालते. मात्र चुंबक चिकटवूनच बसवावे लागते.

दुसरा प्रकार डबीचा. रफूगर भाई किंवा घरोघर जाऊन काम करणारे कारागीर यांना बशी उपयोगाची नाही. त्यांनी बूट पॉलिशची रिकामी डबी घ्यावी. रॉकेलने पुसून, साबणाने धुऊन तिचा वास घालवावा. तिच्या तळाशी चुंबक ठेवून वर जुन्या घोंगडीचा पातळ तुकडा चिकटवावा. झाकण लागते, डबी खिशात बसते. येथे जागा थोडी असल्याने चुंबक लहान पण जोरदार हवे, आणि तसे चुंबक जुन्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कमध्ये मिळते. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात निकामी हार्ड डिस्क पडलेल्या असतात. त्यांचे स्क्रू चांदणीच्या आकाराचे असतात, म्हणून तसाच पेचकस लागतो. आत वळणदार लोखंडी पट्ट्यांना चिकटलेली चुंबके दिसतात. ती निओडिमियमची असतात. हा प्रकार १९८० च्या दशकात जपान व अमेरिकेत शोधला गेला आणि आज मिळणाऱ्या कायम चुंबकांत याच्याइतके जोरदार दुसरे नाही. चुंबक पट्टीसह डबीत बसले तर पट्टीवरून काढूच नये. पट्टीच्या मागच्या बाजूला ओढ जवळजवळ नसते आणि सर्व जोर पुढे येतो. मात्र अशी दोन चुंबके एकमेकांजवळ आणताना बोटे मध्ये ठेवू नयेत. आमच्या एका मुलाचे नख काळेनिळे झाले होते.

तिसरी वस्तू म्हणजे जुन्या फ्रिजच्या दाराची रबरी पट्टी. ती कापली की आतून तपकिरी रंगाची लवचिक चुंबकी पट्टी निघते. तिचा जोर बेताचा असतो, पण सुयांना पुरतो. दोन्ही बाजू सुई लावून पाहाव्यात आणि जी बाजू जास्त ओढते ती वर ठेवावी. हिचा खरा उपयोग मशीनच्या सुयांसाठी आहे. बशीत सर्व नंबरच्या सुया एकत्र झाल्या की ११ नंबरची कोणती आणि १४ ची कोणती हे शोधता शोधता डोळे दुखतात, कारण सुईच्या बुडावरचा आकडा फार बारीक असतो. म्हणून आम्ही मशीनच्या टेबलाला एक वीतभर पट्टी चिकटवून तिच्यावर रंगाने ११, १४, १६, १८ असे कप्पे पाडले आहेत. वापरून काढलेली पण चांगली सुई आपापल्या कप्प्यात जाते.

आरीकाम व जरदोजी करणाऱ्या भाईंसाठी या चुंबकाचा आणखी एक फायदा आहे. अड्ड्यावर काम करताना मणी, टिकल्या, दबका यांचे ताट सांडले आणि त्यात सुईही पडली तर ती हाताने वेचणे म्हणजे बोट टोचून घेणेच. काच आणि प्लॅस्टिक चुंबकाला चिकटत नाहीत आणि तांब्याच्या तारेचा दबकाही चिकटत नाही. त्यामुळे ढिगावरून चुंबक फिरविले की सुई तेवढी वर येते. पण लाकडी मुठीची आरी बशीवर दुरून सोडू नये. चुंबक तिला झटक्याने ओढते आणि टोकाचा बारीक आकडा बोथट होतो किंवा मोडतो. ती हाताने टेकवावी.

काही गोष्टी मात्र चुंबकाच्या आवाक्याबाहेर आहेत. पितळेच्या टाचण्या त्याला चिकटत नाहीत. शक्य असेल तेथे त्या कारखान्यातून काढून टाकाव्यात आणि लोखंडीच वापराव्यात, म्हणजे पडली तरी सापडेल. गोधडी किंवा रजईत खोल गेलेली सुई हातातल्या चुंबकाने बाहेर येईलच असेही नाही. तेथे बोटांनी चाचपण्याला पर्याय नाही.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात व मुंबईत, उघड्या बशीतील सुया लवकर गंजतात आणि गंजलेली सुई पांढऱ्या कापडावर डाग पाडते. बुटांच्या खोक्यात ज्या दाणेदार पुड्या येतात त्या फेकू नयेत. रात्री सुया झाकणाच्या डब्यात भरून एक पुडी आत टाकावी. सुयांना तेल लावण्याचा प्रयोग आम्ही केला आणि तो अंगाशी आला. डाग गेला नाही. हार्ड डिस्कचे चुंबक इस्त्रीच्या टेबलावर ठेवू नये, कारण साधारण ८० अंशांच्या पुढे त्याची शक्ती कायमची कमी होऊ लागते. स्पीकरच्या चुंबकाला ही भीती नाही.

चुंबकावर राहून सुयांमध्येही थोडे चुंबकत्व येते आणि एक उचलली की दोन येतात. कामात याने अडत नाही. पण एक ऐवजी दोन उचलल्या गेल्या आहेत हे ध्यानात आले नाही, तर दुसरी सुई कोठे पडेल याचा नेम नाही. बशीतून सुई काढताना ती बाजूला सरकवून उचलावी, म्हणजे चिकटलेली दुसरी लगेच दिसते.

सर्वांत कडक सूचना लहान मुलांविषयी आहे. आपल्यापैकी पुष्कळांचा कारखाना घरातच असतो. हार्ड डिस्कची किंवा इअरफोनमधली लहान चुंबके मुलाने दोन किंवा अधिक गिळली तर ती पोटात आतड्याच्या दोन घड्या मध्ये धरून एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला छिद्र पडते. असा नुसता संशय आला तरी थांबून वाट पाहू नये, लगेच रुग्णालय गाठावे. सुटी चुंबके घरात ठेवूच नयेत; जे उरेल ते भंगारवाल्याला परत द्यावे. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसविलेला आहे अशा बुजुर्गांनीही ही चुंबके छातीपासून किमान वीतभर दूर ठेवावीत आणि सदऱ्याच्या खिशात तर मुळीच ठेवू नयेत.

आता हिशोबाची पद्धत. सकाळी प्रत्येक कारागिराला त्याच्या नावाच्या बशीत मोजून सुया द्याव्यात आणि आकडा पाटीवर लिहावा. नमाजसाठी, जेवणासाठी, कोणी भेटायला आले म्हणून, कशासाठीही उठायचे तर सुई आधी बशीत जावी. काम सुटताना पुन्हा मोजणी. एखादी सुई मोडली तर तिचे सर्व तुकडे मालकाकडे आणावेत. चिकटपट्टीने ते कागदावर लावून तारीख व मशीनचा नंबर लिहावा आणि तुकडे जुळवून पूर्ण सुई होत असेल तरच नवीन द्यावी. तुकडा कमी पडला तर त्या वेळी मशीनवर असलेला गठ्ठा बाजूला ठेवावा. सुरुवातीला कारागीर कुरकुरतात. आपल्यावर चोरीचा संशय घेतला जातो आहे असे त्यांना वाटते. आम्ही त्यांना ती चिठ्ठीला टोचलेली सुई दाखविली.

परदेशी मालाचे काम घेणाऱ्या मोठ्या कारखान्यांत हीच नोंद मागितली जाते. तेथे तयार कपडा सुई शोधणाऱ्या यंत्रातून जातो. हे यंत्रही चुंबकत्वावरच चालते आणि सुमारे एक मिलिमीटर व्यासाच्या लोखंडी गोळीएवढा तुकडासुद्धा पकडते. लोखंडाचे बटण किंवा हूक लावले तर यंत्र त्यावरही ओरडते. म्हणून असे काम अंगावर घेणाऱ्या भाईंनी चेन, बटणे, हूक खरेदी करतानाच खिशातली डबी दुकानाच्या काउंटरवर लावून पाहावी. जे चिकटेल ते घेऊ नये.

आमच्याकडे आता तेरा बशा आहेत. मागच्या आठवड्यात मगरिबच्या सुमारास मोजणीत एक सुई कमी आली. काठीला स्पीकरचे चुंबक बांधून फरशी फिरविली, कापलेल्या धाग्यांची गोणी उपसली, शेवटी ती मास्टरच्या चटईच्या विणीत अडकलेली मिळाली. एक तास गेला. गठ्ठे दुसऱ्या दिवशी सकाळी रवाना झाले.