समुद्रातले तण

मुलांनो, पावसाळा सुरू झाला की माळावर आणि रस्त्याच्या कडेला टाकळा उगवतो. शेतात उगवलेला टाकळा शेतकरी उपटून टाकतो, कारण त्याच्या दृष्टीने ते तण असते. पण कोकणात घरोघरी त्याचीच कोवळी पाने खुडून भाजी करतात. वनस्पती एकच, शेतात नकोशी, ताटात हवीशी!

समुद्रातही असे तण वाढते. त्याचीच माहिती आज आपण घेऊ.

ओहोटीच्या वेळी तुम्ही रत्नागिरी किंवा मालवणच्या खडकाळ किनाऱ्यावर गेलात, तर खडकांना चिकटलेल्या हिरव्या, तपकिरी, लालसर वनस्पती दिसतील. हे समुद्रशेवाळ. त्याला फुले येत नाहीत आणि खरी मुळेही नसतात. बुडाशी असलेल्या मुळासारख्या भागाने ते खडक घट्ट धरून ठेवते. अन्नद्रव्ये मात्र ते सर्वांगाने पाण्यातून शोषून घेते. त्याच्यापासून खाण्याचे पदार्थही होतात. दुधात चायना ग्रास घालून केलेला थंडगार गोड पदार्थ तुम्ही खाल्ला असेल. ते चायना ग्रास लाल समुद्रशेवाळापासूनच तयार करतात.

जपानमध्ये 'वाकामे' नावाचे तपकिरी शेवाळ लोक आवडीने खातात. गरम पाण्यात टाकताच ते हिरवेगार होते. सारात घालतात, कोशिंबिरीतही घालतात. तिथे समुद्रात दोर सोडून त्याची शेतीही करतात.

जपानमध्ये ज्याची शेती होते, ते वाकामे दूरच्या देशांत मात्र तण ठरले. त्याला ना पाय ना पंख. मग ते तिथे गेले कसे?

जहाजाबरोबर! जहाजाच्या तळाला शेवाळ चिकटते आणि हजारो किलोमीटर प्रवास करते. दुसरी वाट जहाजाच्या पोटातली. संयुक्त अरब अमिरातीचे नाव तुम्ही ऐकले असेल. दुबई शहर याच देशात आहे. तिथल्या बंदरांत खनिज तेल भरून घेण्यासाठी मोठमोठी जहाजे येतात. येताना ती रिकामी असतात. रिकामे जहाज लाटांवर डगमगते, म्हणून निघताना त्याच्या टाक्यांत समुद्राचे पाणी भरतात. तेल भरायची वेळ आली, की ते पाणी सोडून देतात. त्या पाण्याबरोबर एका समुद्रातले सूक्ष्म जीव दुसऱ्या समुद्रात पोहोचतात. असे होऊ नये म्हणून हे पाणी शुद्ध करण्याचा आंतरराष्ट्रीय नियम २०१७ साली लागू झाला.

वाकामे १९८७ साली न्यूझीलंडच्या वेलिंग्टन बंदरात आढळले. ते जहाजांबरोबरच आले असावे, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. एक वाकामे लाखो बीजाणू पाण्यात सोडते. पाहता पाहता ते खडकांवर, धक्क्यांवर, नावांच्या तळांवर वाढले. शिंपल्यांची शेती करणाऱ्यांच्या दोरांवरही त्याने ठाण मांडले. स्थानिक शेवाळांना जागा आणि उजेड कमी पडू लागला.

तुम्ही म्हणाल, "मग खाऊन टाका ना सगळे! पोटही भरेल आणि तणही संपेल." विचार चांगला आहे, पण त्यात एक मेख आहे. ज्या वस्तूला बाजारात भाव मिळतो, ती माणूस वाढवू लागतो. तण विकून पैसे मिळाले, तर ते संपावे असे कोणाला वाटेल? शिवाय खडकावरचे वाकामे ओरबाडताना शेजारचे स्थानिक शेवाळही निघते. मोकळ्या झालेल्या जागेत वाकामे पुन्हा जोमाने उगवते.

म्हणून न्यूझीलंड सरकारने २०१० साली विचारपूर्वक नियम केले. शिंपल्यांच्या दोरांवर वाढलेले आणि किनाऱ्यावर वाहून आलेले वाकामे परवानगीने गोळा करता येते. त्याची शेती मात्र ते आधीच फार पसरले आहे अशा ठरावीक ठिकाणीच करता येते.

आपल्या देशातही असा अनुभव आला आहे. 'काप्पाफायकस' हे शेवाळ मूळचे फिलिपाईन्सकडचे. त्याच्यापासून मिळणारा पदार्थ आइसक्रीम दाट करण्यासाठी वापरतात. तमिळनाडूत मंडपमच्या किनाऱ्यावर बांबूच्या तराफ्यांना बांधून त्याची शेती होऊ लागली. अनेक कोळी स्त्रियांना त्यातून रोजगार मिळाला. पण या शेवाळाच्या एका तुकड्यापासूनही नवी वनस्पती वाढते. २००८ साली ते मन्नारच्या आखातातील कुरुसडाई बेटाजवळ जिवंत प्रवाळांवर पसरलेले शास्त्रज्ञांना आढळले. प्रवाळांना उजेड लागतो. शेवाळाने झाकले गेलेले प्रवाळ मरू लागतात. हाताने काढले, तरी राहिलेल्या तुकड्यांतून ते पुन्हा वाढते.

एकीकडे घरात येणारे चार पैसे, दुसरीकडे समुद्रातले प्रवाळ. दोन्ही जपायला हवेत. म्हणूनच परक्या ठिकाणची वनस्पती आणण्याआधी नीट विचार करावा लागतो. आली आणि पसरली, तर तिचा उपयोग जरूर करावा. पण उपयोगाच्या नावाखाली तिला आणखी पसरू देऊ नये.

आणि हो, किनाऱ्यावर दिसलेले शेवाळ तोंडात घालू नका. शेवाळ पाण्यातली घातक द्रव्येही शोषून घेते. सगळी शेवाळे खाण्याजोगीही नसतात. जाणकारांनी पारखलेलेच खावे.

शब्दार्थ
तण – नको असताना उगवणारी वनस्पती
बीजाणू – ज्यापासून नवे शेवाळ वाढते असा सूक्ष्म कण
ठाण मांडणे – एका जागी पक्के बसणे
मेख – अडचण, खोच

स्वाध्याय
१. रिकाम्या जहाजाच्या टाक्यांत पाणी का भरतात?
२. न्यूझीलंडने वाकामे गोळा करण्यासाठी नियम का केले?
३. 'वनस्पती एकच, एके ठिकाणी हवीशी, दुसरीकडे नकोशी.' पाठातील उदाहरणे देऊन हे स्पष्ट करा.
४. तुमच्या गावात कोणत्या रानभाज्या खातात? आजीला किंवा शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारून यादी करा.