घरच्यांना घेऊन आंगण निंदणार असाल तर

यवतमाळात जुलैची पहिली झड लागून गेली की आंगण बघता बघता हिरवं होतं, आणि घरातलं कुणीतरी उत्साहाने म्हणतं, "रविवारी सगळे मिळून निंदून टाकू." ज्यांच्या घरात हे वाक्य अजून कुणी बोललेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आमचं घर आर्णी रोडकडच्या एका लेआउटमध्ये. पुढे आंगण, मागे लहानशी वाडी, बाजूला रिकामा प्लॉट. प्लॉटचा मालक राहतो पुण्याला, त्याचं गाजर गवत मुक्कामाला आमच्याकडे. घरात माणसं सहा आणि धड खुरपी दोन. तिसऱ्याचा दांडा हलतो, म्हणून ते नेहमी पाहुण्याच्या हाती देतात.

पहिला तंटा होतो तो तण कशाला म्हणायचं यावर. मी आघाड्याला हात घातला की ओसरीवरून सासूबाईंचा आवाज येतो, "कायले उपटते व आघाडा? महालक्ष्म्या आल्या ना जवळ!" मग हरळीकडे वळावं, तर ती गणपतीच्या दूर्वांसाठी राखीव. तरोट्याला हात लावायची सोय नाही, कारण सासऱ्यांना त्याच्या कोवळ्या पानांची भाजी लागते. घोळही त्यांचीच. पोरीला लाजाळू हवी. ह्यांना कुंपणाशी आपोआप उगवलेली पपई हवी, जिला आजवर एकही फळ धरलेलं नाही. शेवटी उपटायला सगळ्यांच्या संमतीने उरतं ते एकटं गाजर गवत, आणि नेमकं तेच धाकट्या भाऊजींनी जपून ठेवलेलं असतं.

त्यांचा तरी काय दोष म्हणा. कोवळं गाजर गवत शेवंतीसारखं दिसतं. भाऊजींनी सासूबाईंची शेवंती मुळासकट काढून ढिगावर टाकली आणि गाजर गवताला आळं करून वर तांब्याभर पाणी घातलं. तेव्हा हे आधी ओळखून घ्या: पानं बारीक चिरलेली, सुरुवातीला जमिनीलगत पसरलेली, मग मधून उभं खोड येतं, त्यावर लांब रेघा असतात, आणि शेंड्याला बारीक पांढरी फुलं. 1955 च्या सुमारास हे तण पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं. अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं मानतात. आज रस्त्याच्या कडेला ते नाही अशी जागा आपल्या जिल्ह्यात दाखवा. एकेका झाडाला हजारोंनी बिया धरतात, म्हणून फुलं यायच्या आत उपटलं तरच उपयोग. आणि नुसत्या हातांनी उपटू नका. ह्यांनी "शेतकऱ्याचा पोरगा आहे मी" म्हणत हातमोजे नाकारले, आणि दुसऱ्या दिवशी पापण्या सुजवून, मान खाजवत दवाखान्याच्या रांगेत बसले. काहींना त्याच्या परागांनी शिंका आणि दमाही होतो. फुलं आलेलं गवत खताच्या खड्ड्यात टाकू नका, नाहीतर पुढच्या वर्षी खताबरोबर तेच वाडीभर पसरवाल.

याहून मोठा घोळ मशीनने घातला. खुरप्याने पाठ दुखते म्हणून भाऊजी कुणाकडून तरी पेट्रोलवर चालणारी गवत कापायची मशीन घेऊन आले. पोरगं खूश, शेजारचे काका कठड्यावर हजर. मशीनने फुलावर आलेलं गाजर गवत असं काही उडवलं की बिया पार तुळशी वृंदावनापर्यंत गेल्या. एक खडा खिडकीच्या काचेवर बसला, आणि मोगऱ्याचं बुड सोललं गेलं ते वेगळंच. पंधरवड्याने आंगणात जे उगवलं त्याला निंदण म्हणायला जीभ धजत नव्हती. ती पेरणी होती. मशीन वाईट नाही. मोकळ्या प्लॉटवर, फुलोऱ्याआधी, डोळ्यांना चष्मा लावून आणि पोरांना घरात कोंडून ती जरूर चालवा.

गाजर गवत खाणारा एक भुंगाही आहे, मेक्सिकन. मळकट पांढऱ्या पाठीवर काळपट रेघा असतात. आपल्या देशात तो 1984 साली बंगळुरूकडे सोडला आणि आता पावसाळ्यात बऱ्याच ठिकाणी आपोआप दिसतो. आमच्याकडेही आला होता बिचारा. कपाशीवरची कीड समजून सासऱ्यांनी चपलेने मारला.

मोबाईलवरचे उपाय हा आमच्या ह्यांचा प्रांत. मीठ, व्हिनेगर आणि भांड्यांचा साबण एकत्र करून ओता म्हणे. मी मिठाचा डबा लपवून ठेवला. मीठ मातीतून सहजी जात नाही, आणि आपल्या काळ्या मातीत ते साचलं तर ती आणखी घट्ट होते. मग तण तर जातंच, पण पुढे तिथे झेंडूही लागत नाही. तणनाशकाच्या बाबतीत मात्र मी थट्टा करत नाही. 2017 च्या पावसाळ्यात कपाशीवरच्या फवारणीतून विषबाधा होऊन याच जिल्ह्यातले शेकडो शेतकरी-मजूर दवाखान्यात गेले होते, वीसच्या आसपास माणसं दगावली. ती कीटकनाशकं होती, आणि ते शेत होतं, हे खरं. पण जिथे पोरं खेळतात आणि पापड-कुरड्या वाळतात तिथे शीतपेयाच्या बाटलीत कुणाकडून तरी मागून आणलेलं औषध मारायची गरजच काय?

वेळेचंही सांगते. झडीत निंदायला गेलात तर चपलेला किलोभर चिखल, आणि उघडीप लांबली की काळी माती अशी कडक होते की झाड हातात येतं, मूळ खालीच राहतं. पाऊस थांबल्यावर वाफसा आला की एक-दोन दिवस मिळतात, तेच आपले. ते नेमके नागपंचमीला आले, तर त्या दिवशी जमीन खणत नाहीत हे घरातल्या पुरुषांना अचानक आठवतं. एरवी कोणता सण कधी हे त्यांना बायकांना विचारावं लागतं. दाट गवतात हात घालण्याआधी मात्र काठीने हलवून बघा. घोणस, मण्यार आपल्याकडे गावातल्या आंगणातही निघतात.

लव्हाळ्याच्या नादी एका रविवारी लागू नका. वरची पात ओढली की तुम्हाला वाटतं काम झालं. खाली गाठींची माळ असते. ती मध्येच तुटली की निजलेल्या गाठीही जाग्या होतात. वाफशात खोल खणून गाठ काढा, फुटलं की पुन्हा काढा. हे काम घरातल्या सगळ्यात हट्टी माणसाला द्यावं. आमच्याकडे ते सासूबाईंकडे आहे आणि लव्हाळा हरत चालला आहे.

शेतात निंदणाच्या बाया पात धरतात, म्हणजे प्रत्येकीचा पट्टा ठरलेला असतो आणि सगळ्या एका ओळीत पुढे सरकतात. आमच्या घरचे सगळे कडुनिंबाच्या सावलीत सरकतात. म्हणून आदल्या रात्री जेवताना दोन गोष्टी ठरवून घ्या. कोणतं झाड कोणासाठी राहणार, ते एका कोपऱ्यात हलवा, म्हणजे महालक्ष्म्यांचा आघाडा आणि सासऱ्यांचा तरोटा दोन्ही सुखाने नांदतात. आणि चुन्याच्या रेघा मारून प्रत्येकाची पात वाटून द्या, सासऱ्यांनासुद्धा.

एवढं करूनही जमलं नाही, तर निंदणाऱ्या बाईला बोलवा. जुलै-ऑगस्टात कपाशी-सोयाबीनच्या कामामुळे ती सहज मिळत नाही, म्हणून आधी सांगून ठेवा. मजुरी शेतातल्या दरानेच द्या, घरगुती काम म्हणून घासाघीस करू नका. आणि ती निंदत असताना घरातलं एकही माणूस सूचना द्यायला आंगणात उभं राहू देऊ नका.