लाकूड कापण्याआधी

स्टुडिओसाठी स्पीकर बनवून घ्यायचं ठरलं की सगळी चर्चा लाकडावर जाते. बर्च प्लाय घ्यायचा की एमडीएफ, वर सागाचं व्हीनियर लावायचं की सरळ काळा डुको मारायचा. पुण्यातल्या आमच्या स्टुडिओतही महिनाभर हेच चाललं होतं. आता कुणी सल्ला विचारायला आलं की मी आधी विचारतो, खोली किती बाय किती?

आमची खोली बारा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरा आणि त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागा. बारा फुटांचे येतात ४७ हर्ट्झ, दहा फुटांचे ५७. रुंदी आणि उंची सारखीच, त्यामुळे ५७ हर्ट्झचा सूर दोन्हीकडून चढायचा आणि त्या सुराला आमची खोली अक्षरशः घुमायची. जगातला कुठलाही स्पीकर आणून ठेवला असता तरी घुमलीच असती.

त्याहून मोठा घोळ भिंतीने केला. स्पीकरचं तोंड मागच्या भिंतीपासून ८५ सेंटिमीटरवर होतं. भिंतीवर आपटून परत येणारा आवाज १ मीटर ७० सेंटिमीटर जास्त फिरून येतो. शंभर हर्ट्झच्या लहरीची ही जवळपास अर्धी लांबी. म्हणजे परतणारी लहर समोरच्या लहरीला खाऊन टाकते. आमच्या रेकॉर्डिंगमधल्या डग्ग्याची घुमक नेमकी तिथेच होती. स्टुडिओत डग्गा ऐकू येईना म्हणून आम्ही तो वाढवायचो आणि तेच मिक्स गाडीत लावलं की डग्ग्याखाली गायक गाडला जायचा.

स्पीकर बनवणाऱ्याला हे सांगितलं. त्याचं निदान तयार होतं : "बास कमी पडतोय, पेटी मोठी करू." पेटी मोठी झाली, बिलही झालं. शंभर हर्ट्झचा खड्डा होता तिथेच राहिला. शेवटी स्पीकर मागे सरकवून त्याचं तोंड भिंतीपासून ४० सेंटिमीटरवर आणलं. खड्डा २१५ हर्ट्झच्या आसपास गेला. तिथे मागच्या भिंतीवरचा जाड रॉकवूल त्याला आवरू शकतो. शंभरला तोच रॉकवूल फारसं काही करत नाही. भिंतीजवळ गेल्यावर खालचा आवाज एकंदर फुगतो, पण तो प्रोसेसरमध्ये कापता येतो. खड्डा मात्र भरता येत नाही. कितीही पॉवर ओता, भिंत तेवढीच परत पाठवते.

दुसरी गोष्ट ड्रायव्हरची. नेव्हिल थीलने १९६१ साली आणि रिचर्ड स्मॉलने सत्तरच्या दशकात जी गणितं मांडली, त्यांवर आजही पेटीचं आकारमान आणि पोर्टची लांबी ठरते. पण गणितात घालायचे आकडे कागदावरचे असून भागत नाही. आमच्या वूफरच्या माहितीपत्रकात नैसर्गिक कंपन ३८ हर्ट्झ छापलेलं होतं. मोजल्यावर एक निघाला ४१ चा, दुसरा ५२ चा! नवा ड्रायव्हर थोडा कडक असतो, काही तास वाजला की आकडा जरा उतरतो, हे मान्य. पण एकाच शिक्क्याच्या जोडीत इतका फरक म्हणजे माल संशयास्पद. दुकानदाराचं म्हणणं, "साहेब, लॉट वेगळा असेल." आणि पेट्या तर ३८ धरून केव्हाच कापून झालेल्या. हे मोजायला एक रेझिस्टर, ऑडिओ इंटरफेस आणि आरईडब्ल्यू हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पुरतं. एका संध्याकाळचं काम.

क्रॉसओव्हरच्या बाबतीत पुस्तकी सूत्रांवर विसंबू नका. ती सूत्रं ८ ओहम गृहीत धरतात आणि ड्रायव्हर ८ ओहमवर फारच थोड्या ठिकाणी असतो. नैसर्गिक कंपनाशी तो तीस-चाळीसवर उडी मारतो, वरच्या सुरांना पुन्हा चढत जातो. स्टुडिओसाठी सरळ डीएसपी आणि प्रत्येक ड्रायव्हरला वेगळा अॅम्प्लिफायर घ्या. लिंकविट्झ-रायलीचा २४ डेसिबलचा फिल्टर तिथे एका क्लिकवर मिळतो, आवडला नाही तर बदलता येतो. ट्वीटरच्या वायरीत मात्र एक कपॅसिटर राहू द्या. सेटिंग करताना चुकून एखादं बटण दाबलं गेलं तर तोच ट्वीटरला वाचवतो.

पेटीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. १८ मिलिमीटरचा प्लाय, आतून आडव्या पट्ट्या, सांध्यांना भरपूर फेव्हिकॉल. एमडीएफ वापरलात तर कापलेल्या कडा सील करा, नाहीतर पावसाळ्यात फुगतात. कोकणात तर विचारूच नका. पेटी कुठे गळते का हे आमच्या सुतारकाकांनी उदबत्तीने शोधलं. वूफरवर पंचवीस-तीस हर्ट्झचा सूर चालू ठेवायचा आणि उदबत्ती सांध्यांवरून हळूहळू फिरवायची. धूर जिथे फडफडेल तिथे फट. आमची निघाली मागच्या टर्मिनलच्या भोकाशी.

आणि सपाट ग्राफचं वेड जरा आवरा. यामाहाचा एनएस-१० हा १९७८ चा घरगुती स्पीकर, ग्राफ मुळीच सपाट नाही, तरी जगभरच्या स्टुडिओंनी तो वर्षानुवर्षं वापरला. कारण कानांना त्याची ओळख झाली होती. आपल्या नव्या जोडीवर आधी खूप ऐकलेली रेकॉर्डिंग्ज लावा. तानपुऱ्याची जवारी मोकळी येते का बघा, पखवाजाची थाप भिंतीला चिकटते का बघा, मगच कामाला लागा.

पैसे वाचावेत म्हणून हा उद्योग करू नका, वाचत नाहीत. त्या रकमेत चांगले तयार मॉनिटर येतात, वर रॉकवूलला पैसे उरतात. खोलीच अशी असेल की स्पीकर भिंतीत बसवावे लागतील, किंवा बाजारातलं काही तिथे मावतच नसेल, तर जरूर बनवा. पण आधी मोजमापाचा माइक घ्या, ड्रायव्हर हातात आल्यावर ते मोजा, स्वस्त प्लायची एक कच्ची पेटी ठोकून खोलीत वाजवून बघा. सुताराला ॲडव्हान्स त्यानंतर.