भिलाईत जंगलवाटेची गाडी तयार करताना: काय करावं, काय टाळावं

४ फेब्रुवारी १९५९ रोजी भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. तेव्हापासून या गावात लोखंड कापणारे, वाकवणारे, जोडणारे कसबी हात मुबलक आहेत. इथून कारखान्याच्या दल्ली-राजहरा खाणी ओलांडून दक्षिणेला निघालं की भानुप्रतापपूर, अंतागढ, नारायणपूर लागतं. पश्चिमेला राजनांदगाव, मोहला, मानपूर करत मुरुमगाव-धानोऱ्यावरून गडचिरोलीत उतरता येतं. साल-सागवानाचं जंगल, भातशेती आणि पावसाळ्यात फुगणारे नाले दोन्ही वाटांवर आहेत. आरोग्य शिबिरं, पूरग्रस्तांना धान्य, अडलेला रुग्ण दवाखान्यात पोचवणं, अशा कामांसाठी दुर्ग-भिलाईतली मंडळी फोर-बाय-फोर गाड्या तयार करून घेतात. हे टिपण त्यांच्यासाठी आहे.

माझ्या मते अशा गाडीची कसोटी एकच: सगळं सामान भरल्यावर मागे एक माणूस आडवा झोपू शकतो का, आणि त्याला घेऊन गाडी चढ चढू शकते का? उत्तर नाही असेल, तर सामानातलं काहीतरी उतरवायलाच हवं.

वजन आणि जागा

करावं: खर्चाआधी गाडी मोजावी. टाकी भरून, माणसं बसवून, नेहमीचं सामान टाकून गाडी ट्रकांच्या धरमकाट्यावर न्यावी आणि आलेला आकडा पुस्तिकेतल्या कमाल वजनाशी ताडून पाहावा. हिशेब साधा आहे. डिझेलचे वीस लिटरचे दोन भरलेले डबे म्हणजे चाळीस किलो. चाळीस लिटर पाणी, आणखी चाळीस. पोलादी बंपर आणि त्यावरचं विंच सत्तरच्या वर, छतावरचा तंबू पन्नास-साठ, फ्रिज वीस, दुसरी स्टेपनी पंचवीस-तीस. बेरीज अडीचशे किलोच्या पुढे जाते. म्हणजे चार माणसांची जागा खर्ची पडली आणि अजून औषधाची पेटी चढलेलीच नाही.

टाळावं: वेल्डर चांगला आहे आणि लोखंड स्वस्त पडतं म्हणून जाड पत्र्याचा बंपर करून घेणं. भिलाईत हा मोह सगळ्यात मोठा आहे, आणि सगळ्यात जास्त गाड्या त्यानेच बिघडतात. पुढचं वजन वाढलं की पुढचं सस्पेन्शन दबतं, ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं आणि चिखलात नाक आधी रुततं. शिवाय असा बंपर धडकेच्या वेळी एअरबॅगच्या कामात अडथळा आणू शकतो.

करावं: तेच कसब मागच्या भागासाठी वापरावं. ॲल्युमिनियमचा हलका ट्रे, पट्टे अडकवायला कड्या, आणि एक बाजू पूर्ण मोकळी. हे सगळं गाडीच्या मूळ बोल्टच्या भोकांतच बसवावं. चॅसिसवर वेल्डिंग नको, तापलेल्या जागी पोलाद कमजोर पडतं.

करावं: गाडी निवडतानाच मागे झोपून पाहावं. तीन दारांच्या थारमध्ये उंच माणूस सरळ झोपत नाही. पाच दारांची गुरखा किंवा फोर-व्हील-ड्राइव्ह बोलेरो कॅम्पर इथे जास्त उपयोगी पडते. शिवाय बोलेरोचं इंजिन उघडून बसवणारा मेकॅनिक तालुक्याच्या गावातही सापडतो. ज्या गाडीचा सुटा भाग फक्त रायपूर-नागपूरच्या शोरूममध्ये मिळतो, ती कितीही दणकट असली तरी अंतागढच्या पुढे नेताना दहा वेळा विचार करावा.

टाळावं: छतावर जड सामान. कडेला कललेल्या रस्त्यावर गाडी उलटण्याचं ते सरळ कारण आहे. छतावर ताडपत्री, दोर, रिकामे डबे ठेवावेत, बाकी काही नाही.

कायदा

टाळावं: क्रॅश गार्ड. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना यावर कारवाई करायला कळवलं आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

टाळावं: ऑलिव्ह हिरवा रंग. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२१ नुसार तो संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे. इतकी वर्षं संघर्ष सोसलेल्या बस्तर-गडचिरोलीत तर लष्करी दिसणारी गाडी गावकऱ्यांना घाबरवते आणि प्रवाशालाही धोक्यात घालते. पांढरा रंग बरा. तो उन्हात कमी तापतो आणि लांबून दिसतो.

टाळावं: सायरन, निळे-लाल दिवे आणि 'रुग्णवाहिका' हा शब्द. रुग्णवाहिकेसाठी एआयएस-१२५ हे वेगळं मानक आहे, तिची नोंदणीही वेगळी होते. आपली गाडी मदत करणारी खासगी गाडी आहे. अपघातातल्या जखमीला सद्भावनेने दवाखान्यात नेणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ चं संरक्षण आहे. तेवढं पुरेसं आहे.

माती, टायर, दोर

छत्तीसगढी शेतकरी जमिनीचे चार प्रकार सांगतो: भाठा, मटासी, डोरसा, कन्हार. गाडीवाल्यानेही ते शिकून घ्यावेत. भाठा म्हणजे लाल, मुरमाड, निचऱ्याची जमीन. तिच्यावर पावसातही चाक पकडतं. मटासी पिवळसर आणि हलकी, डोरसा मधली. कन्हार काळी आणि चिकट. यवतमाळ-वर्ध्याच्या काळ्या रानात ज्याने पावसाळ्यात ट्रॅक्टर रुतलेला पाहिला आहे, त्याला कन्हारबद्दल वेगळं सांगायला नको.

करावं: कन्हारात शिरायच्या आधी टायरची हवा उतरवावी. डांबरी रस्त्यावर तीस पीएसआयच्या आसपास असते, ती अठरा-वीसवर आणावी. टायर पसरतो, जमिनीला जास्त टेकतो. त्याच्या खाली गेलात तर टायर रिमवरून निसटू शकतो. बाहेर पडल्यावर लगेच पुन्हा हवा भरावी. म्हणून चांगला कॉम्प्रेसर आणि विश्वासाचा प्रेशर गेज या दोन वस्तूंवर पैसे खर्च करावेत. पंक्चरचं सामान चालवणाऱ्याने स्वतः वापरून पाहिलेलं असावं.

करावं: बंपरवरच्या विंचऐवजी हाताने ओढायचं टिरफोर घ्यावं. दीड-दोन टन ओढणारं हे यंत्र भिलाईच्या कामगाराच्या ओळखीचं आहे. त्याला बॅटरी लागत नाही, गाडीत काही बदलावं लागत नाही, आणि मुख्य म्हणजे गाडी मागेही ओढता येते. रुतलेली गाडी बहुतेक वेळा आल्या वाटेने मागेच काढायची असते. मेहनत लागते, वेळ लागतो, ते सोसावं.

टाळावं: टोचन करताना दोर ट्रेलरच्या गोळ्यात अडकवणं. तो गोळा तुटला की गोळीसारखा सुटतो आणि अशाने माणसं मेली आहेत. दोर फक्त चॅसिसच्या टोचन हुकाला लावावा, मधोमध एखादी जड गोणी किंवा ओलं पोतं टाकावं आणि बघ्यांना दोराच्या लांबीहून दूर उभं करावं. गावात मुलं आधी जमतात. त्यांना लांब ठेवण्याचं काम एका माणसावर सोपवूनच ओढायला सुरुवात करावी.

करावं: झाडाला दोर बांधायचा तर रुंद पट्टा वापरून बुंध्याच्या तळाशी बांधावा. मोहाच्या झाडाला बांधण्याआधी गावात विचारावं. त्या झाडावर एखाद्या घराच्या वर्षाच्या उत्पन्नातला वाटा अवलंबून असतो.

टाळावं: भाताचे बांध फोडत जाणं. पर्याय नसेल आणि बांध मोडलाच, तर थांबून तो बांधून द्यावा.

टाळावं: कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-बाय-फोर लावून चालणं. पार्ट-टाइम प्रणालीत दोन्ही ॲक्सल एकमेकांशी झगडतात आणि गिअर-शाफ्टवर ताण येतो.

करावं: दल्ली-राजहऱ्याच्या बाजूला खनिजाच्या ट्रकांमागची तांबडी धूळ एअर फिल्टर लवकर भरते. प्रत्येक फेरीनंतर फिल्टर काढून आतून बाहेर हवा मारावी. एक नवा फिल्टर नेहमी जवळ असावा. सोबत पंख्याचा पट्टा, फ्यूज, कूलंटचा पाइप आणि डिझेल फिल्टर.

रपटा आणि पूर

करावं: थांबावं. नाल्यावरचा ठेंगणा रपटा पाण्याखाली असेल, तर पलीकडे कितीही घाईचं काम असलं तरी गाडी अलीकडे उभी करावी. छोट्या नाल्याचा पूर पाऊस थांबल्यावर बहुधा काही तासांत उतरतो.

टाळावं: गाडीच्या जाहिरातीतला आकडा वाहत्या पाण्याला लावणं. थारची पाण्यातून जाण्याची क्षमता ६५० मिलिमीटर, गुरखाची ७००. हे आकडे संथ पाण्याचे आहेत. साठ सेंटिमीटर वाहतं पाणी बहुतेक गाड्या वाहून नेऊ शकतं. स्नॉर्केलमुळे इंजिनात पाणी जात नाही एवढंच. गाडी तरंगायला लागली की त्याचा काही उपयोग नाही. भामरागडजवळचा पर्लकोटा नदीवरचा जुना ठेंगणा पूल पावसाळ्यात वारंवार बुडायचा आणि पलीकडच्या गावांचा संपर्क तुटायचा. तिथे नावेने माणसं गेली, गाड्यांनी नाही.

करावं: डिफरन्शियलच्या हवेच्या नळ्या वर घेऊन बांधाव्यात. काम स्वस्त आहे आणि ऑइलमध्ये पाणी शिरणं टळतं.

ऊन, वीज, इंधन

मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि बंद गाडीच्या आत त्याहून कितीतरी वर जातो. औषधं, पॉवर बँक, लिथियम बॅटरी तिथे ठेवू नयेत. जादा बॅटरी लावायचीच तर सीटखाली, सावलीत लावावी, इंजिनजवळ नको.

टाळावं: वाळलेल्या पानांवर गाडी उभी करणं. मार्च-एप्रिलमध्ये सालवनात पानांचा थर साचतो. नव्या डिझेल गाड्यांतला डीपीएफ (धुराचा फिल्टर) साचलेली काजळी जाळून स्वतःला साफ करतो तेव्हा खूप तापतो, आणि खालची पानं पेटायला तेवढं पुरतं. उघड्या मातीवर उभं राहावं, अग्निशामक हाताशी असावा.

टाळावं: पेट्रोलचे प्लास्टिकचे डबे. डिझेल घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात न्यावं, बाटलीतलं खुलं डिझेल गाळल्याशिवाय टाकीत ओतू नये.

संपर्क

करावं: नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून घ्यावेत, कागदावरही एक प्रत असावी. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं असावीत, कारण आतल्या भागात अनेकदा एकाच कंपनीचा टॉवर असतो. ११२ आणि १०८ हे क्रमांक गाडीत रंगवून ठेवावेत. विजांच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' ॲप ठेवावं. जाताना कुठे, केव्हा पोचणार आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर कोणाला कळवायचं, हे घरी आणि जवळच्या ठाण्यात लिहून द्यावं.

टाळावं: परदेशातून आणलेला थुराया किंवा इरिडियमचा सॅटेलाइट फोन. परवान्याशिवाय तो बाळगणं भारतात गुन्हा आहे आणि या भागात त्याचा अर्थ फार वाईट लावला जाऊ शकतो. वायरलेसची खरी गरज असेल तर हॅम रेडिओची परीक्षा देऊन परवाना घ्यावा.

रुग्ण गाडीत घेतल्यावर

करावं: दोन मजबूत बांबू आणि दोन जाड चादरी नेहमी गाडीत ठेवाव्यात. रस्ता संपतो तिथून पुढे लोक रुग्णाला कावडीवर किंवा खाटेवर आणतात. खाट गाडीत मावत नाही, त्यामुळे बांबू-चादरीचं स्ट्रेचर लागतंच. पट्ट्यांनी ते ट्रेला घट्ट बांधावं.

करावं: साप चावलेल्याला धीर द्यावा, चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवावा, आणि सर्पविषावरची लस असलेल्या सगळ्यात जवळच्या दवाखान्यात न्यावं. ती कुठे आहे हे फोन करून आधी विचारावं. भिलाईचं सेक्टर ९ चं रुग्णालय कितीही मोठं असलं, तरी वाटेतलं सामुदायिक आरोग्य केंद्र किंवा जिल्हा रुग्णालय ओलांडून तिथे धावू नये. त्या दोन-तीन तासांत श्वास बंद पडू शकतो.

टाळावं: दंशाच्या वर करकचून दोरी बांधणं, जखम कापणं, चोखणं. लस स्वतःच टोचायला गाडीत ठेवणं तर मुळीच नको. तिची तीव्र ॲलर्जी येऊ शकते आणि ती सांभाळायला डॉक्टरच हवा.

करावं: ओआरएसची पाकिटं, रक्त थांबवायला दाबपट्ट्या, हातमोजे, कात्री, टॉर्च, आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक माणूस. वापरता येत नाही असं एकही साधन पेटीत नको.

परतल्यावर

गाडी खालून धुवावी, कन्हारचा चिखल वाळला की ब्रेक आणि रेडिएटरमधून निघत नाही. पाण्यातून गेलेल्या गाडीचं डिफरन्शियल ऑइल तपासावं. दुधाळ दिसलं तर लगेच बदलावं. पेटीतलं वापरलेलं सामान त्याच दिवशी भरावं, टायरची हवा पाहावी आणि टाकी भरूनच गाडी उभी करावी.