अंधारातील साठ तास

(शब्बाथशाळेसाठी व कौटुंबिक उपासनेसाठी धडा. शास्त्रवाचन: योना, अध्याय 2)



जठारपेठेत राहणाऱ्या आम्हां लोकांस समुद्र फार दूरचा. आमची मोर्णा पूर्णेस जाऊन मिळते एवढे आम्ही पाहतो. पुढचे पाणी समुद्रास कोठे मिळते हे पाहावयास कोणी जात नाही. बेटावरील गुहा म्हटली म्हणजे आम्हांस मुंबईजवळच्या घारापुरीची लेणी आठवतात. पण ती माणसांनी छिन्नीने कोरलेली आहेत. आज ज्या गुहेविषयी सांगावयाचे आहे ती कोणा मनुष्याने कोरली नाही. पावसाच्या पाण्याने ती पोखरली, आणि पुढे चढत्या पाण्याने ती भरून टाकली.

भूमध्य समुद्रात, स्पेन देशाच्या पूर्वेस, मायोर्का नावाचे बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 3,640 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अकोला जिल्ह्याहून लहान. वऱ्हाडात काळ्या मातीखाली जो काळा पाषाण लागतो तो सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून झाला, व पाण्याने तो सहजी विरघळत नाही. मायोर्का बेटावर मात्र चुनखडीचा दगड पुष्कळ आहे. पावसाचे पाणी हवेतून व मातीतून कार्बन डायऑक्साइड वायू घेऊन किंचित आंबट होते, आणि फटींत शिरून हा दगड हळूहळू विरघळविते. अशा रीतीने हजारो वर्षांत फटीचे भुयार होते.

सुमारे 20,000 वर्षांपूर्वी पृथ्वीवरील पुष्कळ पाणी बर्फाच्या रूपाने गोठलेले असल्यामुळे समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे 400 फूट खाली होती. त्या काळी ही भुयारे कोरडी होती, आणि छतातून ठिबकणाऱ्या पाण्याने त्यांत चुन्याचे स्तंभ लोंबू लागले. पुढे बर्फ वितळले, समुद्र चढला, व भुयारे बुडाली. ठिबक्याने होणारे असे स्तंभ पाण्याखाली तयार होत नाहीत. म्हणून बुडालेला स्तंभ दिसला की ती जागा पूर्वी कोरडी होती अशी साक्ष मिळते. ह्याच बेटावरील जेनोवेसा नावाच्या गुहेत सन 2000 मध्ये पाणबुड्यांस पाण्याखाली मोठ्या दगडांचा, सुमारे 25 फूट लांबीचा, माणसांनी रचलेला पूल आढळला. तो सुमारे 5,600 वर्षांपूर्वीचा असावा असे सन 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सांगितले आहे.

अशा गुहा शोधणाऱ्यांचे दोन नियम उपदेशकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. पहिला नियम दोरीचा. आत शिरताना ते बारीक दोरी सोडीत जातात. कारण तळचा गाळ उठला म्हणजे हातातील दिव्याचाही उपयोग राहत नाही, आणि मग दोरी चाचपीत परत यावे लागते. दुसरा नियम हवेचा. पाठीवरील नळकांड्यांतील हवेचे तीन वाटे करावयाचे: एक जाण्यास, एक येण्यास, आणि तिसरा संकटासाठी राखून ठेवण्यास. सोबत्याची हवा संपली तर त्याचाही प्राण ह्या तिसऱ्या वाट्यावर वाचतो.

आता गोष्ट ऐका. शिस्को ग्रासिया हे मायोर्का बेटावर भूगर्भशास्त्र शिकविणारे शिक्षक. सुटीच्या दिवशी बुडालेल्या गुहांचे नकाशे करण्याचे काम ते पुष्कळ वर्षे करीत आले होते. सन 2017 च्या एप्रिल महिन्याच्या 15 तारखेस, शनिवारी, ते व त्यांचे सोबती गिलेम मास्कारो हे सा पिकेता नावाच्या गुहेत उतरले. दुसऱ्या दिवशी पुनरुत्थानाचा सण होता. मुखापासून सुमारे एक किलोमीटर आत काम करून परत निघाले तो दोरी सापडेना. ती तुटली होती किंवा सुटली होती. गाळाने पाणी गढूळ झालेले. सुमारे एक तास दोघांनी हाताने चाचपून पाहिले, आणि त्या खटपटीत राखीव हवाही बहुतेक संपली.

त्या वेळी शिस्को ह्यांस एक गोष्ट आठवली. जवळच्या एका दालनात पाण्यावर हवा कोंडलेली आहे असे इतर पाणबुडे बोलत असताना त्यांनी ऐकले होते. दोघे तेथे पोहोचले. उरलेली हवा एकाच्याच बाहेर जाण्यापुरती होती. गिलेम अंगाने सडपातळ, त्यांस हवा कमी लागे. म्हणून त्यांनी जावे व शिस्को ह्यांनी राहावे असे ठरले.

ते दालन सुमारे 80 मीटर लांब व 20 मीटर रुंद होते. पाण्यातून वर आलेल्या एका सपाट खडकावर शिस्को चढून बसले. पृष्ठभागावरचे पाणी पिण्याजोगे होते, कारण पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे अशा गुहांत ते वर राहते. खारपाण पट्ट्यातील वाचकांस गोड्या पाण्याचे मोल सांगावे लागत नाही! तीन दिव्यांपैकी एकच चालत होता, तोही मंद. म्हणून तो मालवून ते अंधारात बसून राहिले. हवा वाईट होती. बाहेरच्या हवेत दहा हजार भागांत सुमारे चार भाग कार्बन डायऑक्साइड असतो. तेथे शंभरांत पाच भाग होता. पेवात किंवा जुन्या विहिरीत कोंडलेल्या हवेने माणसे कशी गुदमरतात हे आपण जाणतो. शिस्को ह्यांचे डोके दुखू लागले, झोप येईना, नसलेले दिवे दिसू लागले.

प्रथम काही तास त्यांस आशा होती. पुढे कोणी येईना, तेव्हा गिलेम वाटेतच बुडून मेला असावा असे त्यांस वाटू लागले. घरी दोन मुले होती. त्यांची आठवण येऊन मन व्याकूळ झाले. शेवटी जीवन संपविण्याचा विचारही मनास शिवून गेला.

पण वाचकहो, त्या वेळी बाहेर काय चालले होते? गिलेम सुखरूप बाहेर पोहोचला होता. त्याने हाक दिली व लोक धावून आले. पहिल्याने उतरलेल्या पाणबुड्यांस गढूळ पाण्यामुळे परतावे लागले. वरून खडकास भोक पाडून अन्न पोहोचविण्याचा प्रयत्नही साधला नाही. तरी त्यांनी काम सोडले नाही. सोमवारी बर्नात क्लामोर नावाचा त्यांचा जुना मित्र पाण्यातून दिवा घेऊन वर आला. पुन्हा भास झाला असे शिस्को ह्यांस वाटले. पण तो खरोखरीचा मनुष्य होता. दोघांनी एकमेकांस मिठी मारली. त्यानंतरही बाहेर काढण्यास आणखी आठ तास लागले. साठ तासांनी ते बाहेर आले, तेव्हा त्यांच्या अंगाची उष्णता 32 अंशांवर उतरली होती. एका महिन्याने ते त्याच गुहेत पुन्हा गेले.

ह्यात आपणांस काय बोध आहे? हे दोघे निष्काळजी नव्हते. त्यांनी दोरी लावली होती. तरी ती हरवली. शहाण्या मनुष्याच्याही आयुष्यात असा दिवस येतो. आपल्या वऱ्हाडात नापिकी व कर्ज ह्यांच्या अंधारात कित्येक शेतकऱ्यांनी आपला जीव दिला आहे, आणि प्रत्येक घरामागे रडणारी मुले राहिली आहेत. त्यांची निंदा करणे सोपे आहे. पण त्या दालनातील हवा आपण घेतलेली नाही. कोंडलेल्या हवेत मनुष्याच्या बुद्धीस खोटे दिवे दिसतात आणि खरी मदत दिसत नाही. शिस्को ह्यांस ज्या घटकेस कोणी येत नाही असे वाटत होते, त्याच घटकेस पुष्कळ हात त्यांच्यासाठी राबत होते. योनासही माशाच्या पोटातून किनारा दिसत नव्हता. तरी त्याने प्रार्थना केली, आणि तो कोरड्या भूमीवर आला. म्हणून ज्याच्या मनात असा काळोख दाटला असेल त्याने तो त्याच दिवशी कोणास तरी सांगावा, आणि एकट्याने निर्णय करू नये.

आणि जे आपण बाहेर आहो, त्या आपणांस दुसरा बोध आहे. एखादा बंधू मंडळीत येईनासा झाला, दार लावून बसला, तर एकदा जाऊन परतणे पुरे नाही. पहिल्या भेटीस पाणी गढूळच असते. निवळेपर्यंत थांबावे व पुन्हा जावे. आपल्या धान्याचा, वेळेचा व धीराचा तिसरा वाटा अशा बंधूसाठी राखून ठेवावा.

उपदेशकांस सूचना: काचेच्या पेल्यात निळीने रंगविलेले मिठाचे दाट पाणी घेऊन त्यावर चमच्याच्या आधाराने गोडे पाणी हळूच सोडावे. गोडे पाणी वर राहिलेले मुलांस दिसेल.

प्रश्न:
1. पाण्यात बुडालेले चुन्याचे स्तंभ कशाची साक्ष देतात?
2. हवेचे तीन वाटे कशासाठी करितात?
3. शिस्को ह्यांस वाचविण्यात पूर्वी ऐकलेल्या शब्दाचा काय उपयोग झाला?
4. आपल्या गावात ह्या आठवड्यात कोणाच्या दारी पुन्हा गेले पाहिजे?